एमएचा प्रोजेक्ट नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेवर करायचाय, रत्नागिरीत राहून काय करता येईल?

अणुस्कुरा_घाट

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमए करतेय, समाजशास्त्र, दुसरं वर्ष. गाव राजापूर तालुक्यात. रिसर्च प्रोजेक्ट द्यायचाय आणि मला विषय घ्यायचाय नवरा किंवा जोडीदाराकडून होणारी हिंसा. सरांना सांगितलं तर म्हणाले विषय चांगलाय पण सॅम्पल कुठून आणणार. मैत्रिणी म्हणतात पर्यटन घे, होमस्टेवाले स्वतःहून बोलतात, चहा पण देतात. आईचं वेगळंच, लग्न व्हायचंय अजून तुझं, असल्या गोष्टी विचारत कुठे दारोदार फिरतेस.

माझ्या डोक्यात असं होतं की आमच्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून तीसेक बायकांच्या मुलाखती घ्यायच्या. बऱ्याच जणींचे नवरे मुंबईला असतात, गणपतीला शिमग्याला येतात, त्यामुळे घरी कुणी नसताना त्या मोकळं बोलतील असं वाटतं. मला ओळखतात पण सगळ्या.

दुसरं म्हणजे नुसता प्रोजेक्ट सबमिट करून विषय संपवायचा नाहीये, पुढे यातच काहीतरी करायचंय, इंटर्नशिप, व्हॉलंटियर काम, जमलं तर नोकरी. पण जे दिसतं ते सगळं मुंबई-पुण्यात आणि तिथे खोली घेऊन राहणं घरून झेपणार नाही. नालासोपाऱ्याला मामा आहे, तेवढाच आधार. इथे कोकणात राहून खरंच काही होतं का? ज्यांनी या कामात पाय ठेवलाय त्यांनी सांगा प्लीज, वेबसाइटवरची भाषणं वाचून झालीत.

देवरुखची_वाशीकर

मी याच विषयात रिसर्च असिस्टंट म्हणून काम केलंय आणि आता पीएचडी चालू आहे, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घे.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या वाडीत मुलाखती घेऊ नकोस. तुला ओळखतात हाच तर प्रॉब्लेम आहे. तू आज ओळखीची म्हणून ती काकू बोलेल आणि उद्या पाणंदीत तू समोर आलीस की तिला वाटेल हिला सगळं माहितीये, हिच्या आईला पण माहिती असणार. आणि नवरा मुंबईला आहे म्हणजे घर रिकामं असं नसतं ना, सासू असते, दीर-जाऊ असते, पडवीत म्हातारा बसलेला असतो, आणि हल्ली व्हिडिओ कॉल आहे. कोण आली होती, कशाला आली होती, तासभर काय बोलत होतीस, हे रात्रीच विचारलं जातं. तुझा प्रोजेक्ट होतो आणि मार ती खाते.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली या संशोधनासाठी नियमच काढले, जगभर तेच धरून काम चालतं. त्यातले काही सांगते म्हणजे अंदाज येईल. एका घरातून एकाच बाईशी बोलायचं. त्याच घरातल्या पुरुषाला हिंसेबद्दल विचारायचं नाही. गावात सर्व्हे सांगताना बायकांचं आरोग्य, बायकांचं आयुष्य असं सांगायचं, खरा विषय फक्त त्या बाईला एकटीला सांगायचा आणि तिची संमती घ्यायची. मध्येच कुणी आलं तर विषय बदलायला दुसरे प्रश्न तयार ठेवायचे, लसीकरणाचे वगैरे. मुलाखत घेणाऱ्याला आधी ट्रेनिंग आणि नंतर बोलून मोकळं व्हायला कुणीतरी हवं. आणि तिने मदत मागितली तर कुठे पाठवणार हे आधीच ठरलेलं हवं. आता सांग, एकटी विद्यार्थिनी, एक सेमिस्टर, यातलं किती करू शकशील? तुझ्या कॉलेजात एथिक्स कमिटी आहे का तेही विचार, आणि नसली तरी हे नियम सुटत नाहीत.

अजून एक जे कोणी सांगत नाही. समोरची अठराच्या खालची निघाली (आणि लवकर लग्न झालेल्या असतात, आपल्याकडे पण) आणि तिने लैंगिक जबरदस्तीचं सांगितलं तर पॉक्सो कायद्याचं कलम १९ लागू होतं, म्हणजे ज्याला कळलं त्याने कळवायलाच हवं. तू कागदावर गुप्ततेचं वचन दिलेलं असतंस आणि कायदा सांगतो कळव. म्हणून वयाची अट १८ च्या वर, आणि हे संमतीपत्रात आधीच लिही.

आता आकडे. तू नक्की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघणार, एनएफएचएस, ते मुंबईत देवनारची आयआयपीएस संस्था करते. पाचव्या फेरीत, २०१९-२१, देशात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सहन केल्याचं सांगितलं, महाराष्ट्रात २५.२. महाराष्ट्राचा आकडा आधीच्या फेरीत २१.३ होता, म्हणजे वाढलाय, पण हिंसा वाढली की सांगणं वाढलं हे त्या आकड्यावरून कळत नाही, व्हायवाला हा प्रश्न येणारच म्हणून सांगून ठेवते. आणि रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा शोधत बसू नकोस, जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये हा भागच नाहीये, कारण हे प्रश्न निवडक घरांतच विचारतात, राज्याचा अंदाज येईल एवढेच, आणि खोलीत दुसरं कुणी असलं तर विचारत नाहीत. ही जिल्ह्याची मोकळी जागा आहे ना, तिथेच तुझा विषय बसतो. फक्त बायकांना विचारून नाही, यंत्रणेला विचारून.

म्हणजे काय ते खाली लिहिते, जेवायला हाक मारतायत.

कुडाळ_एलएलबी

ताई येईपर्यंत मी थोडं लिहितो, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, सगळे पीएलव्ही म्हणतात.

अणुस्कुरा, तू म्हणतेस कोकणात काय आहे, तर हे आहे. प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आहे, जिल्हा कोर्टाच्या आवारातच, आणि तालुक्याला समिती. पीएलव्हीसाठी शिक्षक, निवृत्त लोक, अंगणवाडी सेविका, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) विद्यार्थी, लॉचे विद्यार्थी (सनद मिळेपर्यंत) असे बरेच जण चालतात. तू समाजशास्त्राची आहेस तरी सामाजिक काम करणारी म्हणून अर्ज देऊन बघ. नोटीस निघते, छोटी मुलाखत होते, मग ट्रेनिंग. मानधन कामाच्या दिवसापुरतं मिळतं, त्याच्यावर घर चालणार नाही, पण जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही.

काम काय, तर अर्ज लिहायला मदत, शिबिरं, कोर्टात आलेल्या बाईला कुठल्या टेबलावर जायचं ते दाखवणं. ऐकायला किरकोळ वाटतं पण सकाळच्या पहिल्या एसटीने मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला ते टेबल सापडणं म्हणजे अर्धा दिवस वाचणं. आणि विधी सेवा कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे अजून किती जणींना माहीत नाही. तलाठ्याकडे दाखल्यासाठी खेपा घालून मग येतात.

कायद्याचं थोडं, कारण प्रोजेक्टमध्ये गोंधळ घालतात सगळे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जुनं ४९८अ, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं, ते फौजदारी, शिक्षेचं. दुसरा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू, त्यात बाईला आधी संरक्षण, राहायला घर, पैसे, मुलांचा ताबा असे आदेश मिळतात, नवऱ्याला जेल हा तिथला पहिला मुद्दाच नाही. आदेश मोडला तर पुढे गुन्हा. हा फरक गावात समजावून सांगितला की बऱ्याच बायकांचा सूर बदलतो, कारण त्यांना नवऱ्याला आत टाकायचं नसतं, मार थांबवायचा असतो.

कोकणात हमखास येणारे दोन प्रश्न. लग्न होऊन विरारला गेली, मारतो म्हणून माहेरी लांज्याला आली, तर केस विरारलाच करायची का? नाही, कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, लांज्यात चालतो. दुसरा, घर नवऱ्याच्या नावावर नाही, सामाईक आहे, सासऱ्याच्या नावावर, आपल्याकडे सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर पंधरा नावं असतात. तरी राहण्याचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा निकालात हे स्पष्ट केलं की संसार ज्या घरात झाला ते नातेवाईकाच्या नावावर असलं म्हणून हक्क आपोआप जात नाही.

तर माझी आयडिया, प्रोजेक्टसाठी. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. ई-कोर्ट्सच्या साइटवर तालुका कोर्टाचे केस स्टेटस दिसतात. एक तालुका घे, दोन वर्षांचे अर्ज घे, दाखल तारीख, पहिली तारीख, निकालाची तारीख, बस. कुणाच्या घरी जायला नको. फक्त नावं वहीत उतरवू नकोस, एक-दोन-तीन असे नंबर दे.

राजापूरची_गंगा

बरोबर आहे सगळं पण खोट्या केसेसचं पण संशोधन करा की कोणीतरी. पुरुषांना पण बायका मारतात. त्यांच्यासाठी कोण आहे.

देवरुखची_वाशीकर

@राजापूरची_गंगा, करा की, विषय मोकळा आहे. २००५ च्या कायद्यात अर्जदार बाईच असते, पुरुषाला मारहाणीची सर्वसाधारण कलमं आहेत. कुणाला त्याचा अभ्यास करायचा असेल तर मी मेथडॉलॉजीत मदत करीन, खरंच. पण केस सुटली म्हणजे खोटी होती असं लिहायचं नाही एवढीच अट. साक्षीदार फिरतात, आपसात मिटतं, बाई तारखांना कंटाळते, याही केसेस सुटलेल्यातच मोजल्या जातात. यावर वेगळा धागा काढा, हा त्या मुलीचा आहे.

अणुस्कुरा, आता पुढचं. कुडाळच्या मुलाने सांगितलं ते कोर्टाचं काम एकदम छान आहे. त्याच्या जोडीला माहितीचा अधिकार वापर. कायद्यात संरक्षण अधिकारी नावाचं पद आहे, बाई तक्रार घेऊन आली की ते घरगुती घटना अहवाल भरतात, डीआयआर म्हणतात त्याला, आणि कोर्टात पाठवतात. तुझ्या जिल्ह्यात तालुकावार किती अहवाल झाले, किती पदं भरलेली आहेत, किती ठिकाणी दुसऱ्या कामाच्या जोडीला हे पद दिलंय, ही आकडेवारी मागता येते. नावं मागायची नाहीत, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात आणि नाकारायलाच हवी. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे भाषण लिहू नकोस.

तिसरा मार्ग, जो मला सगळ्यात आवडतो, म्हणजे जिच्याकडे बाई पहिल्यांदा जाते तिला विचारणं. पोलीस शेवटी. एनएफएचएसमध्येच बघ, हिंसा सहन केलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के, आणि ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. त्या १४ मध्येसुद्धा बहुतेक जणी माहेरी किंवा सासरच्याच कुणाला सांगतात. मग आशा, नर्स, अंगणवाडी सेविका, बचत गटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच बाई) यांना काय दिसतं, दिसल्यावर त्या काय करतात, का करत नाहीत? या कामावर असलेल्या बायका आहेत, कामाबद्दल बोलतील, स्वतःच्या घराबद्दल विचारायचं नाही. जोखीम बरीच कमी. तरी संमतीपत्र हवंच, आणि त्यांच्यातली एखादी स्वतःचं सांगायला लागली तर वही बंद करून ऐकायचं, ते डेटात धरायचं नाही.

भंडारवाडीची

माजा नाव निघाला तसाच झाला ह्या. बाये, मी आशांची गटप्रवर्तक आसंय, मालवणाकडची. माका लिवूक तेवडा जमना नाय पण सांगतंय. आता नीट मराठीत लिहिते नाहीतर रत्नागिरीवाल्यांक कळूचा नाय.

आम्हाला दिसतं बघ सगळं. बाळंतपणाच्या नोंदीला गेलं की दिसतं. कशाने लागलं विचारलं तर ठरलेलं उत्तर, कातळावर घसरले, विहिरीवर पडले, म्हशीने लाथ मारली. अगो, म्हैस दंडावर चार बोटं उठवते काय? पण पुढे विचारायचं कसं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग एका ट्रेनिंगात सांगितलं की आधी नुसतं ऐकायचं, मग काय हवंय ते विचारायचं, तुझी चूक नाही हे सांगायचं, आज रात्री घरी जायला भीती आहे का ते बघायचं आणि मग कुठे पाठवायचं ते. सल्ला द्यायचा नाही, सोडून दे असं पण नाही आणि जमवून घे असं पण नाही. ते जमवून घे न म्हणणं सगळ्यात कठीण, तोंडातून निघतंच.

तू आमच्याशी बोलायला येशील तर मीटिंगच्या दिवशी येऊ नको. त्या दिवशी आशांना रिपोर्ट भरायचे असतात, तू काय विचारशील त्याला हो-नाही करतील आणि पळतील. एकेकीला वेगळी गाठायची. दुपारी जेवणं झाल्यावर, साडेतीनच्या आत. आणि आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून आणि तालुक्याहून परवानगीचं पत्र घे, नाहीतर आशा घाबरतात, बाहेर काही बोललं तर काम जाईल म्हणून. पत्र असलं तरी तू लिहिलेलं साहेब वाचणार काय हे त्या विचारणार. त्याचं उत्तर तयार ठेव.

अजून एक गोष्ट बोलते. मुंबईहून एक ग्रुप आला होता, त्यांनी आधीच ठरवलं होतं की जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, होड्या वर, पुरुष घरी, दारू, म्हणून मारहाण. मला वाक्यच बोलायला सांगत होते कॅमेऱ्यासमोर. तसं सरळ नसतं गो. बंदीत पैशाची ओढ असते हे खरं, भांडणं होतात हेही खरं. पण ज्याचा हात उठतो त्याचा मे महिन्यात सौंदाळे भरपूर मिळाले तेव्हा पण उठतो. आणि दारूच्या थेंबाला न शिवणारे पण आहेत, नोकरीवाले, शिकलेले, त्यांच्या घरातलं तर आमच्यापर्यंत येतच नाही कारण बंगल्याचं गेट बंद. कोळीवाड्यातलं ऐकू येतं एवढंच, घरं चिकटून असतात. तर कोकणातले कोळी मारतात असं काही लिहू नको, मी वाचेन आणि भांडायला येईन.

आणि आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबं असतात राखणीला, त्या बायकांचं कुणीच विचारत नाही. त्यांना भाषा नाही, माहेर हजार मैलांवर, आमच्या नोंदीत गरोदर असली तरच येतात. तुझ्याच्याने नाही होणार आता, पण कुणी मोठं करणार असेल तर सांगून ठेवते.

अणुस्कुरा_घाट

बापरे, थँक्यू सगळ्यांना. वाडीतल्या मुलाखती रद्द. मला वाटत होतं मुलाखती नसतील तर रिसर्च म्हणणारच नाहीत. सरांना आज विचारलं, ते म्हणाले कोर्टाचे टप्पे आणि आशांच्या मुलाखती असं दोन्ही मिळून चालेल, उलट त्यांना बरंच वाटलं.

@भंडारवाडीची काकी, तुमचं ते साहेब वाचणार का, त्याचं उत्तर काय द्यायचं? खरं तर वाचूही शकतात ना, प्रबंध लायब्ररीत राहणार.

देवरुखची_वाशीकर

खरं ते सांगायचं, हो, वाचू शकतात. म्हणून आधीच सांगायचं की तुमचं नाव, गाव, उपकेंद्र काहीच येणार नाही, तालुका पण नाही, नुसतं कोकणातला एक जिल्हा. आणि किस्सा लिहिताना ओळख पटेल असं काही असेल तर बदलायचं किंवा सोडायचं. जुळी मुलं असलेली, नवरा एसटीत कंडक्टर, एवढं लिहिलं की अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते. लिहून झालं की त्या आशेला तिचा भाग वाचून दाखव, ती म्हणाली काढ तर काढ. फोनवर रेकॉर्डिंग केलंस तर घरच्यांच्या हातात पडणारा फोन वापरू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न, मुंबईतलं. सांगते कोण काय करतं म्हणजे तुला ठरवता येईल, सगळीकडे एकच मेल फॉरवर्ड करू नकोस प्लीज, कळतं ते.

सेहत, वाकोल्याला आहे, आरोग्य आणि हिंसा हा त्यांचा मुख्य विषय. मुंबई महापालिकेबरोबर त्यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात दिलासा केंद्र सुरू केलं, हॉस्पिटलातच समुपदेशन, देशातलं असं पहिलं, नंतर पालिकेच्या इतर हॉस्पिटलांत गेलं. तू आशांवर काम करणार असशील तर त्यांचं लिखाण वाचल्याशिवाय सुरुवात करू नकोस, बरंच साइटवर फुकट आहे आणि मराठीत पण आहे. स्नेहा ही संस्था वस्त्यांमध्ये काम करते, धारावीत वगैरे, तिथे फील्डचं शिकायला मिळतं. टिसने (टाटा समाजविज्ञान संस्था) १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला, पोलिसांच्या आवारात सोशल वर्कर बसणार अशी कल्पना, ती पुढे राज्यभर गेली. म्हणून आपल्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी कर, कक्ष कुठे बसतो, समुपदेशक कोण आहे. मजलिस कायद्याच्या बाजूने, फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी सुरू केलेली. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र जुहूला, १९७४ चं, देशातलं पहिलं, त्यांची लायब्ररी म्हणजे, जाऊ दे, दोन दिवस मामाकडून ये आणि फक्त तिथे बस. नालासोपाऱ्याहून सांताक्रूझ सरळ लोकल आहे, फक्त सकाळी आठची पकडायची हिंमत करू नकोस.

दिल्लीचं म्हणशील तर राष्ट्रीय महिला आयोग आणि मानवाधिकार आयोग दोघेही विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेतात, मानवाधिकार आयोगाची छोटी इंटर्नशिप ऑनलाइन पण असते, ती घरबसल्या होते. सर्टिफिकेटला वजन आहे. पण मनापासून सांगू का, माझ्याकडे कुणी अर्ज घेऊन आलं तर दिल्लीच्या पंधरा दिवसांपेक्षा तालुका कोर्टात वर्षभर पीएलव्ही केलेली पोरगी मी आधी घेईन. तिला अर्ज लिहिता येतो, बाईशी बोलता येतं, साहेबाशी पण बोलता येतं.

पुढे नोकरी म्हणशील तर समुपदेशकाच्या जागांना बहुतेक एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्र मागतात, हे लक्षात ठेव, समाजशास्त्रावर काही ठिकाणी अडेल. रिसर्चकडे जायचं तर नेट परीक्षेत (प्राध्यापकीसाठीची) वुमन्स स्टडीज हा वेगळा विषय आहे, समाजशास्त्रासोबत त्याचाही विचार कर. सखी वन स्टॉप सेंटर २०१५ पासूनची योजना, जिल्ह्यात असतंच, तिथे केस वर्करच्या जागा कंत्राटी असतात, पगार फार नाही आणि वेळेवर होईलच असं नाही. हे पण सांगायला पाहिजे ना, सगळं गोड सांगून काय उपयोग.

दापोली_बीएस्सी

मध्येच विचारतो, मी मुलगा आहे, बीएस्सी करतोय. असल्या कामात मुलांना घेतात का की संशयाने बघतात? आमच्या हॉस्टेलवर एक मित्र गर्लफ्रेंडचा फोन रोज चेक करतो, लोकेशन चालू ठेवायला लावतो, आणि ती ब्रेकअप म्हणाली तर फोटो टाकीन म्हणतो. सगळे हसतात. मी पण काही बोललो नाही अजून. हे या विषयात येतं का, लग्न तर नाहीये त्यांचं.

कुडाळ_एलएलबी

येतं ना भावा, पूर्ण येतं. २००५ च्या कायद्यात लिव्ह-इन बसू शकतं पण एका घरात एकत्र राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे नुसत्या गर्लफ्रेंडला तो कायदा सहसा लागत नाही. पण पाठलाग करणं, ऑनलाइन नजर ठेवणं हे न्याय संहितेत कलम ७८ आहे, आणि खाजगी फोटो टाकले तर आयटी कायद्याचं ६६ई, ६७, ६७अ. तिला सांग की धमकीचे मेसेज डिलीट करू नको, स्क्रीनशॉट कुणातरी भरवशाच्या मैत्रिणीकडे पाठवून ठेव. ऑनलाइन तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर होते, त्यात महिलांसाठीच्या तक्रारीत नाव न देता पण कळवता येतं. पण तिला विचारल्याशिवाय तू हिरो बनून तक्रार करू नको. आणि मित्राशी बोल, चारचौघात नको, एकटा गाठ. पहिला हसायचं बंद कर म्हणजे बाकीच्यांचं पण कमी होतं.

मुलांसाठी मावा आहे, मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, मुंबईची संस्था, १९९३ ची, हरीश सदानींची. पुरुषांनी पुरुषांबरोबर काम करायचं हीच त्यांची लाइन, कॉलेजच्या पोरांना ट्रेनिंग देऊन तीच पोरं पुढे बाकीच्यांशी बोलतात. तुमच्या कॉलेजात एनएसएस किंवा महिला विकास कक्षातर्फे बोलवायचं पत्र टाका. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस जगभर या विषयाचे कार्यक्रम असतात, प्राचार्य त्या काळात नाही म्हणत नाहीत, त्यांना पण रिपोर्टला फोटो लागतात.

देवरुखची_वाशीकर

@दापोली_बीएस्सी आणि हा तुझा प्रश्न म्हणजे आविष्कारचा विषय आहे, खरं सांगते. विद्यापीठाची संशोधन स्पर्धा, ह्युमॅनिटीजचा गट आहे, यूजीला पण भाग घेता येतो, सायन्सचा असलास तर गटाचा नियम कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला विचार. कॉलेजच्या मुलामुलींच्या नात्यात फोनवर ताबा ठेवणं, निनावी फॉर्म, १८ च्या वरचे, ईमेल गोळा करायचा ऑप्शन बंद. आणि फॉर्मच्या शेवटी मदतीचे नंबर. फक्त स्वतःच्या हॉस्टेलवर करू नकोस, वीस जणांच्यात निनावी काही राहत नाही.

आजीवन अध्ययन विभागाचं विस्तार कार्य पण विसरू नका, त्यात स्त्रियांच्या स्थितीवरचा सर्व्हे प्रकल्प आहे, बहुतेक पोरं शेवटच्या आठवड्यात घरी बसून फॉर्म भरून टाकतात. तोच नीट केला तर हात बसतो.

भंडारवाडीची

नंबरांचं एक सांगते. त्या ट्रेनिंगात आम्हाला पत्रकं दिली होती, गुलाबी, वर मोठ्या अक्षरात घरगुती हिंसा. ती घरी कोण नेणार? मी ती वाटलीच नाहीत. आम्ही बचत गटाच्या कार्डाच्या मागे यादी छापून घेतली, वायरमन, गॅस एजन्सी, १०८ रुग्णवाहिका, एसटी डेपो, त्यात मध्येच १८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस आणि १५१०० विधी सेवा. कुणाच्या घरात सापडलं तरी काय बिघडत नाही. तुम्ही पोरांनी पण मुलाखतीनंतर असलंच काहीतरी द्या.

अणुस्कुरा_घाट

काकी हे भारीच आहे, मी असंच करणार. आईला पण तुमची यादी दाखवली, ती म्हणाली माझ्या गटासाठी पण छापून आण, आता यावर मी काय बोलू.

आरटीआयचा मसुदा केलाय, जरा बघा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाला देणार आहे. "महोदय, मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी असून आपल्या जिल्ह्यातील महिलांवर होणाऱ्या अत्याचारांच्या वाढत्या प्रमाणाबद्दल अत्यंत चिंतित आहे. तरी आपल्या कार्यालयाने या संदर्भात काय काय उपाययोजना केल्या, जनजागृती काय केली, किती महिलांना न्याय मिळाला, अधिकारी किती आहेत, ते पुरेसे आहेत का, याची सविस्तर माहिती मिळावी ही नम्र विनंती."

कुडाळ_एलएलबी

हा अर्ज गेला तर उत्तर येईल "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही", लिहून देतो. पुरेसे आहेत का हे मत झालं, माहिती नाही, मत द्यायला ते बांधील नाहीत. किती जणींना न्याय मिळाला हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहितात? रजिस्टरमध्ये जे असतं तेच मागायचं. विद्यार्थिनी आहे, चिंतित आहे, काही नको, कारण सांगायची गरजच नाही. आरटीआय अर्जाचा जोडपत्र अ हा नमुना घे आणि असं लिही:

"विषय: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ची जिल्ह्यातील अंमलबजावणी. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. १) संरक्षण अधिकाऱ्यांनी नोंदवलेल्या घरगुती घटना अहवालांची संख्या, तालुकानिहाय व वर्षनिहाय. २) त्यापैकी न्यायालयात सादर केलेल्या अहवालांची संख्या. ३) संरक्षण अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे, तालुकानिहाय. ४) अतिरिक्त कार्यभार असलेल्या अधिकाऱ्यांचे मूळ पदनाम. कोणत्याही व्यक्तीचे नाव अथवा ओळख उघड करणारी माहिती नको."

स्टॅम्प चिकटव, स्वतः जाऊन दे आणि पोच घे, पोचवर तारीख आणि शिक्का नीट उमटलाय का बघ, तिथूनच तीस दिवस मोजायचे. आणि तालुका कोर्टाचं राजापूरच घेणार असशील तर मला सांग, ई-कोर्ट्सवर केसचा प्रकार कसा निवडायचा ते रविवारी फोनवर दाखवतो, साइट दिवसा फार हळू चालते.